भिकाच्या घरची रीत

आहुपे गावचा भिका बोलायला गोड, पण विडीच्या बाबतीत पक्का लबाड. डाव्या पायाचा अंगठा काळा पडला म्हणून तो आमच्या वॉर्डात आला. विडीने पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत आल्या होत्या. डॉक्टरांनी अंगठा काढला आणि बजावलं, "विडी सोडली नाहीस तर पाय जाईल." ती सोडवायचं काम माझ्याकडे, वॉर्डातल्या नर्सकडे आलं.

सोळा दिवस मी त्याच्या मागे हात धुऊन लागले. तलफ आली की घोटभर पाणी, चिमूटभर बडीशेप. तो थरथरायचा, बायकोवर, म्हणजे साळुबाईवर, खेकसायचा. पण सोडली त्याने. जाताना म्हणाला, "सिस्टर, आता वास बी नको वाटतोय." मी खूश. नंतर मात्र साधी चौकशीही केली नाही. तिकडे फोन लागत नाही, ही माझी सबब.

दोन महिन्यांनी तो परत आला तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा होता. मी त्याला वाट्टेल ते बोलले. शेवटी साळुबाई म्हणाली, "दवाखान्यातनं माणूस आला की सगळा गाव भेटाया येतो, बाई. आलेल्याला विडी द्याची, ती बी घरधन्यानं पेटवून. पेटवायची म्हंजी वढावीच लागती. पयल्याच दिसी चाळीस माणसं आली."

मला स्वतःचीच लाज वाटली. तलफेचं मी त्याला सगळं शिकवलं होतं, पाहुण्यांचं काहीच नाही.

पाय गुडघ्याखाली कापला. तिसऱ्या दिवशी त्याचा मावसभाऊ भागू आला, नाचणीच्या भाकरी आणि विड्यांचं बंडल घेऊन. मी बंडल हिसकावलं. तो ओशाळला. "आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं कसं यायचं?"

"त्याला रागवू नका," भिका म्हणाला. "मी घरी गेलो की परत गाव येईल. या टायमाला तुमी येशाल का? तुमीच सांगा त्यास्नी."

मी हो म्हणाले आणि त्याच्या गावी जाण्यासाठी वर अर्ज दिला. पेशंट फाटकाबाहेर गेला की आपलं काम संपलं, असं उत्तर आलं. रजाही मिळाली नाही.

डिस्चार्जच्या दिवशी मी भिकाला सांगितलं, मला गावी येता येणार नाही. मी साळुबाईच्या हातात बडीशेपेची पुडी ठेवली, आलेल्यांना द्यायला. तिने ती पदरात बांधली आणि नवऱ्याच्या कुबड्या उचलल्या. चाळीस माणसांपुढे त्या पुडीचं काही चालणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.