आईंच्या गुडघ्याची ओली पट्टी आणि बंद झालेलं मावरं

मंडळी, आज सकाळी आमच्या घरात एका गुडघ्यावरून खटला उभा राहिला!

सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. आज बघते तर पट्टी ओली. आत इन्फेक्शन गेलं असेल तर पुन्हा ऑपरेशन!

आत्याबाईंनी, म्हणजे आईंच्या नणंदेनं, लगेच निकालही दिला. "चोरून मावरं खाल्लंस ना? म्हनून जखम पिकली." ऑपरेशन झालं की मासळी बंद, हा आमच्या करंजाड्याच्या घरात त्यांचा कायदा.

"देवाशपथ, वासबी नाय घेतला," आई रडवेल्या झाल्या.

पनवेलला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टाक्यांच्या बाजूनं हलकेच दाबून पाहिलं. लाली नाही, पू नाही, तापही नाही. रक्ताचा रिपोर्टही चांगला आला. "वरवरचं पाणी आहे. पुन्हा पट्टी ओली झाली तर लगेच या. पण जखम इतकी हळू का भरतेय? जेवता काय?"

"पेज," आई म्हणाल्या. "आनि पेज."

"मावरं मीच बंद केलंय," आत्याबाई अभिमानानं म्हणाल्या.

"मग तुम्हीच सुरू करा. मासे, अंडी, डाळ. प्रोटीनशिवाय जखम भरणार कशी?"

आई वॉकर टेकत रिक्षात बसल्या आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "घरी नको. मच्छी मार्केटला घे."

तुमच्या घरी ऑपरेशननंतर काय काय बंद करतात? आणि डॉक्टरांना कुणी विचारतं का?

आत्ता आई जेवतायत. शेजारी बसून काटे काढून देतायत आत्याबाई.