भुलीच्या काकू

भुलीच्या काकूंनी कुणाला शाबासकी दिल्याचं मी पाहिलं नाही. उभी हयात ऑपरेशनच्या टेबलाशी लोकांना भूल देण्यात गेली, म्हणून हे नाव. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. निवृत्त झाल्यावर नागपूरच्या या बाईंनी न्यू जर्सीतल्या आम्हा नवशिक्यांना बायथलॉन शिकवायला घेतलं. स्कीवर धापा टाकत यायचं, चटईवर पालथं पडून पाच लक्ष्यं टिपायची, नेम चुकला की शिक्षेची फेरी मारायची. चाळिशीत मला ही दुर्बुद्धी सुचली आणि वाट्याला ही बाई आली.

"श्वास धरू नको. सोड, आणि सुटला की थांब," हे त्यांचं पालुपद. थांबलो की, "इतकं नाही. मेलास की काय?"

दसऱ्याला सराव होता. आमच्या घराण्यात खरं शस्त्र पहिल्यांदाच हाती आलेलं, म्हणून मी क्लबच्या रायफलला हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. कुंकू नेमकं नेम धरायच्या भोकात गेलं. काकूंनी डोळा लावला आणि लाल डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. "पूजा करायची तर घरी लॅपटॉपची कर. पोट त्याच्यावर चालतं तुझं." मग दुपारभर मला काडीनं भोक साफ करायला बसवलं.

मला जानेवारीतली नवशिक्यांची शर्यत करायची होती. ऑफिसभर सांगून बसलो होतो. त्याआधी काकूंची सेफ्टी टेस्ट पास व्हायला हवी होती. टेस्टमध्ये माझी पाचही लक्ष्यं पडली. मागे बायकोनं टाळ्या वाजवल्या आणि मी हातातल्या रायफलसकट वळून बघितलं.

"रायफल खाली ठेव. फेल."

"काकू, रिकामी आहे ती. गोळ्या संपल्या."

"बोल्ट उघडून रिकामी दाखवलीस? नळी कुणाकडे होती? बायकोकडे. नेक्स्ट."

शर्यत गेली. ऑफिसात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. परतताना बायको म्हणाली, "बरोबर आहे यार त्यांचं." म्हणजे घरातही शत्रू. त्या बाईइतका राग मला कुणाचाच आला नव्हता, आणि तो जावा असं मला वाटतही नव्हतं.

वसंतात काकूंच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्या मुलाकडे क्युपर्टिनोला निघाल्या. निरोपाच्या पॉटलक जेवणाला मी रीत म्हणून वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि नव्या कोचला सांगितलं, "डोन्ट पास हिम."

त्या कोचनं मला हसत हसत पास केलं. त्यात काही मजा आली नाही.

पुढच्या जानेवारीत धावलो. शिक्षेच्या फेऱ्या मारून जीव अर्धा झाला. शेवटचं लक्ष्य पडलं तेव्हा मागून बायकोच्या टाळ्या आल्या. मी मान हलवली नाही. बोल्ट उघडला, नळी वर केली, रायफल पाठीवर घेतली. मग वळलो.

बायकोनं व्हिडिओ काकूंना पाठवला. संध्याकाळी माझ्या फोनवर त्यांचं उत्तर आलं: "आता पास."

मी अजून थँक्यू म्हटलेलं नाही.