डावीकडे दीड इंच

माणसाने कागदाच्या डावीकडे दीड इंच जागा सोडली की त्याच्या आयुष्यातलं बाकी सगळं आपोआप जागेवर बसतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो भिवंडीत आमच्याच आळीत राहायचा. कॉलेजच्या ग्रंथालयात ते नोकरीला होते. सगळे त्यांना प्रबंधवाले सर म्हणायचे, म्हणून मीही सरच म्हणायची, आणि ते मला ताई. माझी शाळा सातवीत सुटलेली. टायपिंग शिकले ते धाकट्या दिराच्या जुन्या मशीनवर, कोणी शिकवलं नाही, चुकत चुकत बोटं बसली. मग ओटीवर टेबल टाकलं आणि कोर्टाची प्रतिज्ञापत्रं, नोकरीचे अर्ज असं काय काय टाइप करून द्यायला लागले. प्रबंध म्हणजे काय ते मला सरांनी शिकवलं, ते मात्र कबूल करायला हवं.

त्याचं असं झालं, ऐंशीच्या पुढेमागे विद्यापीठाने दोन दिवसांची कार्यशाळा घेतली, प्रबंध कसा लिहावा, कसा टाइप करावा, कसा बांधावा याची. कॉलेजातल्या प्राध्यापकांना कोणालाच वेळ नव्हता, म्हणून यांना धाडलं. परत आले ते सायक्लोस्टाइल केलेली चार पानं छातीशी धरून, आणि तेव्हापासून त्यांना दुसरा विषयच उरला नाही. दर वर्षी डिसेंबरात एका रविवारी ते स्वतःच कार्यशाळा घ्यायचे. कॉलेजला रविवारी कुलूप, म्हणून आमच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये. एम.फिल., पीएच.डी.ची मुलं पडघ्याहून, अंबाडीहून यायची. पहिला तास नुसता समासाचा. "डावीकडे दीड इंच का, कोण सांगतो?" मग सर स्वतःच सांगायचे, "त्यातला अर्धा इंच बांधणीवाला खातो. तो त्याचा हक्क आहे. त्याचं त्याला द्या, म्हणजे तो तुमची अक्षरं खाणार नाही."

खिशात पेनाशेजारी स्टीलची सहा इंची पट्टी कायम असायची. समोर कागद आला की आधी मोजायचे, मग वाचायचे. लाइटबिल मोजायचे, निवडणुकीची पत्रकं मोजायचे. स्वतःच्या मुलीच्या लग्नपत्रिका छापून आल्या, तर वरची जागा पाव इंच कमी भरली म्हणून सगळा गठ्ठा प्रेसला परत पाठवला. ते ऐकून मुलाकडची माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर, लग्न मोडलं की काय विचारायला. शेजारी लूमचं शेड होतं, तिथले शेठ मला एकदा म्हणाले, "बहनजी, हमारे कपडे की किनार भी इतनी सीधी नहीं आती, जितनी मास्टरजी को कागज पे चाहिए." वहिनींना, म्हणजे सरांच्या मिसेसना, वेगळाच ताप. कोणाकडे भाजी आवडली की हे विचारणार, कुठून शिकलात, त्यांनी कोणाकडून घेतली. "ह्यांना जेवणातही तळटीप लागते," वहिनी म्हणायच्या.

एवढ्या पोरांचे प्रबंध पार पाडले, पण स्वतःचा काही पुरा होत नव्हता. विषय होता तालुक्यातल्या विहिरींची नावं. कोणी खोदली, नाव कसं पडलं, तिथे कोणाला पाणी भरू दिलं आणि कोणाला नाही. सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने जायचे, नाहीतर सायकलवर. अंबाडीच्या बाजूला एका म्हातारीला त्यांनी विहिरीचं नाव विचारलं, तर ती म्हणाली, "नाव कसला विचारतंस? पानी हाय, पिऊन जा." सरांनी हे तिच्या वयासकट, वार घालून टिपून ठेवलं. असं पंधरा वर्षं चाललं. विद्यापीठाने मुदत वाढवून दिली, परत वाढवली, आणि शेवटी कळवलं की या महिन्याअखेर प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द. सरांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. पुन्हा नव्याने सुरू करायचं वय ते नव्हे.

टाइप करायला अर्थातच माझ्याकडे.

आता टाइपरायटरला एक सरकती पट्टी असते, कागद कुठे टेकवायचा त्याची. चौथं प्रकरण चालू असताना मध्येच एका वकिलाची घाईची प्रतिज्ञापत्रं आली. त्यांचा कागद वेगळा, म्हणून मी ती पट्टी सरकवली. काम झाल्यावर सरांची पानं परत घेतली आणि पट्टी राहिली तिथेच. चौतीस पानं झाल्यावर माझ्या लक्षात आलं. डावीकडे जेमतेम अर्धा इंच.

लक्षात आलं, हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. त्या संध्याकाळी मी ती पानं हातात घेऊन बसले होते. परत करायची म्हणजे चौतीस पानं, प्रत्येकाला चार कार्बन. मनात आणलं असतं तर दोन दिवसांचं काम, आणि मुदतीला पाच दिवस होते. पण दुसऱ्या दिवशी काल्हेरला माझ्या नणंदेच्या मुलीची हळद होती आणि मला जायचं होतं. म्हटलं, बांधणीवाला जरा सांभाळून शिवेल. म्हटलं, सर मोजतीलच, मग बघू. आणि मी पानं गठ्ठ्यात सरकवली, कडा ठोकून सारख्या केल्या आणि हळदीला गेले. नाचलेसुद्धा.

सरांनी मोजलं नाही. थेट बांधायला टाकलं आणि शेवटच्या दिवशी विद्यापीठात घेऊन गेले. खिडकीवरच्या माणसाने मधलंच पान उघडलं, ते नेमकं चौथ्या प्रकरणाचं निघालं. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर शिवणीत गेलेलं. "हे सोडवून परत बांधून आणा," तो म्हणाला. आणायला दुसरा दिवस कुठे होता?

मला वाटलं, आता हे येतील आणि मला बोलतील. आले, ओटीवर पाणी प्यायले, झालं ते सांगितलं आणि म्हणाले, "ताई, तुमची मेहनत फुकट गेली." मी त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि आत गेले.

त्या डिसेंबरात कार्यशाळा झालीच. दर वर्षीप्रमाणे मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, टायपिस्टचे दोन शब्द सांगायला. सरांनी पिशवीतून काळ्या बांधणीचा ठोकळा काढला, चौथं प्रकरण उघडून सगळ्यांना फिरून दाखवलं. "असं होतं," म्हणाले. मुलं हसली. एकाने विचारलं, "कोणाचा हो सर हा?" "माझाच," सर म्हणाले. हसू थांबलं. मागच्या एका मुलीने हळूच विचारलं, "सर, तुम्ही मोजलं नव्हतं?"

"नाही," सर म्हणाले. "घरच्या माणसाचं कोण मोजतं?"

माझे दोन शब्द त्या वर्षी झाले नाहीत. घसा बसलाय म्हणून सांगितलं.

सर निवृत्त झाले आणि मुलीकडे पडघ्याला राहायला गेले. तोवर गावात कॉम्प्युटर आले होते, माझं मशीन बरेचदा झाकलेलंच असायचं. एका उन्हाळ्यात मी ती चौतीस पानं काढली आणि परत टाइप केली, कोणी सांगितलं नव्हतं तरी. बरोबर दीड इंच सोडून. ती घेऊन पडघ्याला गेले. सरांनी चष्मा लावला आणि पानं वाचायला घेतली. खिशातली पट्टी काढली नाही. मध्येच स्वतःशी हसायचे, एखादं वाक्य वहिनींना वाचून दाखवायचे. मग पानं मांडीवर ठेवून म्हणाले, "ताई, तेव्हा तुमच्या लक्षात आलं नव्हतं ना?"

"नाही हो, सर," मी म्हटलं.

"तेच मी हिला सांगत होतो. लक्षात आलं असतं तर ताईंनी सांगितलं असतं." आणि त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला बघवेना.

मला एस.टी.त बसवून द्यायला ते हायवेपर्यंत आले. ट्रकांची धूळ उडत होती, आणि ते खिडकीखाली उभे. गाडी सुटायला अजून पाच मिनिटं होती. सांगायला पाच मिनिटं पुष्कळ झाली असती. मी खिडकीतून वाकले आणि विचारलं, "सर, वहिनींचा गुडघा आता कसा आहे?"

सर सांगायला लागले. गाडी सुटेपर्यंत सांगत होते.