सुकाणू मावशींकडे

टेंभुर्णीजवळ उजनीच्या पाण्यात मासे धरणाऱ्या त्या मावशींचं नाव मी विचारलंच नाही. साठीच्या असाव्यात. पदर कमरेला खोचलेला, गालात सुपारी. मी शुक्रवार पेठेतून पक्षी बघायला गेलो होतो, पण त्यांची शिडाची होडी बघून ती चालवायचा मोह झाला.

"वारं कुटनं येतंय ते आदी गालाला इचारा," म्हणत त्यांनी शिडाची दोरी माझ्या हातात दिली. तासाभरानं सुकाणूही दिलं, तसा मी फुगलो. तेवढ्यात पर्यटकांची मोटारबोट सरळ अंगावर येताना दिसली.

"शिडाच्या होडीला वाट द्यायची असते. मोटारबोटवाल्यानंच वळावं," मी कुठंतरी वाचलेलं ऐकवलं.

मावशींनी सुकाणू हिसकावून होडी बाजूला काढली. "हक्क तुमचाच हाय की. पन बुडल्यावर कुनाला दावनार?"

काठ जवळ आला तशा त्या ओरडू लागल्या, "शीड उतरवा, आत्ता उतरवा!" मी गाठ सोडेपर्यंत होडी चिखलात घुसली आणि मी टोकावरून गुडघाभर पाण्यात पडलो. हसू आवरत त्यांनी मला हात दिला.

"लाजू नगा. मी पयल्या दिवशी नवऱ्याला पाडलं हुतं. धा दिवस बोलला न्हाय."

"मग?"

"मग काय? अकराव्या दिवशी म्हनला, तू होडी चालव, मी जाळं टाकतो. तवापास्नं सुकानू माज्याकडंच हाय."