चिठ्ठीसरांचं श्रीमंत खोकं

कालव्याच्या पुलाशी चिठ्ठीसर थांबले, तेव्हा निम्मी वाट सरली होती. डॉक्टरांनी रोज पाण्याच्या टाकीपर्यंत चालायला सांगितलं होतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून सर डावा पाय ओढत चालायचे, म्हणून टायपिंगवाल्या बाई त्यांच्या डाव्या अंगाने चालायच्या. आज बाईंना एक गोष्ट कबूल करायची होती. घरून निघाल्यापासून त्या मनातल्या मनात देवाचं नाव घेत होत्या, पण तोंड काही उघडत नव्हतं.

सर कठड्याला टेकले. "बाई, ॲफ्लुअंट म्हणजे काय हो?"

"श्रीमंत."

"ते परीक्षेपुरतं. लॅटिनमधलं मूळ धरलं तर 'आपल्याकडे वाहत येणारं'. ज्याच्याकडे पैसा असा वाहत येतो, तो ॲफ्लुअंट. माझ्याकडे काय वाहत आलं, सांगा बघू?"

"चिठ्ठ्या," बाई म्हणाल्या.

सर हसले. हसताना हल्ली तोंड एका बाजूला कलायचं.

खोटं नव्हतं ते. चौतीस वर्षं सरांनी शाळेत इंग्रजी शिकवलं. वर्गात एखादं मूल शब्दाला अडलं, की तो शब्द आणि त्याचा मराठी अर्थ एका चिठ्ठीवर उतरवून खिशात टाकायचे. त्यातले लॅटिनमधून आलेले श्रीमंतीचे, भरभराटीचे शब्द आणि त्यांचे भाऊबंद त्यांनी बुटांच्या एका खोक्यात वेगळे ठेवले होते. चारशेच्या वर चिठ्ठ्या. त्याचंच पुस्तक करायचं होतं, आणि ते टाइप करायला बाई येत होत्या. सरांची बहीण, अक्का, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या घरचं सगळं ऐश्वर्य त्या खोक्यात. पाऊस आला की छत्री मात्र शेजाऱ्यांची!"

सर तीन आठवडे इस्पितळात होते. तेवढ्यात बाईंनी चांगलं करायला म्हणून सगळ्या चिठ्ठ्या एबीसीडीप्रमाणे लावल्या. कोपरे सरळ केले, पुठ्ठ्याचे तुकडे घालून अक्षरं वेगळी केली. सर बघतील तर खूश होतील, असं वाटलं होतं. काल अक्काने खोकं उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, काय करून बसलीस! तो क्रम लावायलाच त्याला अकरा वर्षं लागली!"

उद्यापासून सर मजकूर सांगायला बसणार होते.

"सर," बाईंनी एकदाचं तोंड उघडलं, "मी तुमच्या चिठ्ठ्या लावल्या. एबीसीडीने."

सर त्यांच्याकडे वळले. मग विचारलं, "सगळ्या?"

"सगळ्या. शब्दांची मुळं मोठ्या कोशातून काढून पुन्हा तसा क्रम लावता येईल ना? मी वाचनालयात जाते, रोज बसते..."

"मुळं कुठल्याही कोशात मिळतील हो. पण कशामागून काय सांगितलं म्हणजे धास्तावलेल्या पोराला आपसूक कळतं, ते कुठल्या कोशात बघणार? तो क्रमच पुस्तक होता, बाई. कुठे लिहून ठेवला नाही. म्हटलं, चिठ्ठ्या आहेत की."

इंग्रजीची बाईंना लहानपणापासून धास्ती होती. अशाच पोरांसाठी हे पुस्तक होतं, आणि ते आपल्याच हातून विस्कटलं. रडून सरांचा जीव घाबरा करायचा नाही, म्हणून त्यांनी ओठ दाबून धरले.

सर उजव्या हाताच्या बोटांवर मोजू लागले. "पहिला अबंडन्स, रेलचेल. त्याच्या पोटात लाट आहे. काठावरून ओसंडणारी लाट. मग इनंडेट, पूर येणं, तीच लाट. मग... मग वर्गात मी फळ्यावर काय काढायचो..." अंगठा तिसऱ्या पेरावर थांबला. पुलावरून दोन सायकली गेल्या. सरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडले.

"ऑप्युलंट घेऊ या का?" बाई घाईने म्हणाल्या. "तोही श्रीमंतीचाच आहे."

"आहे की. पण मी तोच घेतला होता का?"

बाईंना सांगता येईना. सरांनाही येईना. त्यांनी डाव्या हाताची मूठ वळायला बघितली, ती अर्ध्यावरच राहिली.

"झटक्याच्या आधी तोंडपाठ होतं," ते म्हणाले. "आता रोज थोडं गळतंय. तुमचा दोष धरून मला काय मिळणार?"

टाकीपर्यंत जायचं दोघांनीही सोडून दिलं. परतीच्या वाटेवर सरांनी आणखी चार शब्दांची जागा सांगितली. त्यातल्या दोन शब्दांबद्दल घराजवळ येईपर्यंत त्यांची खात्री उरली नाही. फाटकाशी त्यांनी बाईंचं मनगट धरलं. पकड लहान मुलासारखी होती.

"एक ऐकाल माझं?"

"सांगा ना, सर."

"उद्यापासून मी सांगेन तेवढंच टाइप करा. जिथे मला आठवणार नाही, तिथे पान कोरं सोडा. दया येऊन तुमच्या मनाने भरू नका. मी विनवलं तरी भरू नका."