आईच्या रडण्याचं परीक्षण

प्राध्यापकांनी टेपचं बटण दाबलं आणि माझं गाणं मधेच तोडलं.

"गाणं कुठं आहे यात? हे तर रडणं आहे. रडण्याखाली विजेची पेटी लावली म्हणून त्याचं संगीत होत नाही."

सभागृह हसलं. साखर कारखान्याचं सभागृह. माझी पहिली कॅसेट निघाली म्हणून कार्यक्रम ठेवलेला. प्राध्यापक जिल्ह्याच्या साप्ताहिकात गाण्यांवर लिहायचे, म्हणून परीक्षणाला त्यांना बोलावलेलं. खुर्च्या सगळ्या स्टेजवर. मी, माझा नवरा आणि आई खाली सतरंजीवर.

आईनं पदर तोंडावर ओढला. ते रडणं तिचं होतं.

मोठ्या दुष्काळात आई पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची. माझा तान्हा भाऊ बाभळीला बांधलेल्या झोळीत. तापानं फणफणलेला. दवाखान्यात न्यायला आईनं मुकादमाकडं सुट्टी मागितली. तो म्हणाला, "पाटी खाली ठिवलीस तर उद्या येऊ नगंस."

घरात आम्ही चार तोंडं उपाशी. आईनं पाटी उचलली. दुपारी झोळीतली हालचाल थांबली.

तेव्हा आई जे बोलून बोलून रडली ते मला पाठ झालं. मी आठ वर्षांची होते. मोठी झाल्यावर मी तेच गायले. नवरा लग्नाच्या बँडमध्ये विजेचा ऑर्गन वाजवायचा, त्यानं खाली एकच सूर धरून ठेवला. दुसरं काही नाही. सोलापूरला जाऊन रेकॉर्डिंग केलं. आधी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "म्हन. लोकांला कळू दे."

लोकांना कळलं. लोक हसले.

मग प्राध्यापक मला म्हणाले, "आवाज आहे तुझ्याकडं. देवीचं एखादं म्हण. म्हणजे मलाही चार बरे शब्द लिहिता येतील."

माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव विहिरीत सोडले होते. स्टेजवरच्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. तरी मी उठले. खोटं कशाला सांगू? मला ते चार शब्द पाहिजे होते.

दोन ओळी म्हटल्या. टाळ्यांचा ठेका सुरू झाला. स्टेजच्या कडेला एक संचालक मान डोलवत होता. तलावाच्या कामावरचा तोच मुकादम. आईच्या रडण्यात त्याचं नाव होतं. कॅसेट करताना भिऊन मी ते गाळलं होतं.

आईनं त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. तसं तिनं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. मी तिथंच थांबले.

"काय झालं?" प्राध्यापकांनी विचारलं.

"न्हाय म्हनत."

"का गं?"

"माझी आई मेल्यालं लेकरू मांडीवर घिऊन रडली. ते तुमाला सुरात पायजे व्हतं व्हय? तुमचे चार शब्द तुमच्यापाशीच ठिवा."

मी टेपमधून कॅसेट काढली. आईचा हात धरला. बाहेर पडलो.

साप्ताहिकात छापून आलं, 'असंस्कृत आक्रोश'. तुळजापूरच्या दुकानदारानं कॅसेटचा खोका परत पाठवला. नवऱ्याला लग्नांची बोलावणी येईनात. ऑर्गन विकला. तो नळदुर्गला ढाब्यावर भांडी घासायला लागला.

तेवढं सोसलं असतं. पण आई रडायची थांबली. बाप गेला तेव्हा बाया म्हणाल्या, "रड गं, मोकळी हो." ती भिंतीकडं बघत बसली. डोळे कोरडे ठाक. आवाज काढला की लोक हसतात, हे तिला माझ्या कॅसेटनं शिकवलं. रात्रंदिवस तिचं ते मिटलेलं तोंड डोळ्यांपुढं. मला घरात बसवत नाही. बाहेर कुणाला सांगवत नाही.

तिच्याकडं माफी मागायला गेले. तिनं भाकरी वाढली आणि उठून गेली.

आता माफी मागणार नाही. येत्या आठवडी बाजाराला मी मुकादमाच्या गावात जाऊन उभी राहणार आहे. माईक नाही, पेटी नाही. कुणी बरं म्हणावं म्हणून एक शब्द गोड करणार नाही. आईचे शब्द जसे होते तसे म्हणणार. त्याच्या नावासकट.