बंद संगणकातली वाट

दहिवलीतल्या आमच्या शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट शेजारच्या फार्महाऊसवाल्याने फाटक ठोकून बंद केली. माझ्या एकाही पत्राला त्याने उत्तर दिले नाही, तेव्हा मी तहसीलदारांकडे दावा लावला. वाट पूर्वी खुली होती हे दाखवणारी छायाचित्रे माझ्या जुन्या संगणकात होती. अन्यत्र कुठेही नव्हती. सुनावणीच्या आदल्या सकाळी ती छापायला बसलो. बटण दाबताच पंखा फिरला, तीन शिट्या वाजल्या आणि पडदा काळाच राहिला.

वायरी काढून पुन्हा खोचल्या, प्लग बदलला, शिट्या तशाच. अखेर संगणकाच्या पेटीचे झाकण उघडले. आत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि हळदीने माखलेल्या अक्षता पडल्या होत्या. दर दसऱ्याला पत्नी या यंत्राची पूजा करते हे मला ठाऊक होते. फटींतून ती पूजा थेट पोटात उतरत असेल, हे ध्यानीमनीही नव्हते. सगळे ब्रशने झाडले. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबराने पुसली, पुन्हा घट्ट बसवली. शिट्या थांबल्या, पडदा उजळला आणि त्यावर अक्षरे उमटली: हार्ड डिस्क सापडत नाही. पेटीतून नुसती टकटक ऐकू येत होती.

दारात उभ्या असलेल्या पत्नीला मी सांगितले की पुरावा गेला, आता वाटही गेली.

“अवो, मी काय मेले? लगीन होऊन आले तवापासून त्याच वाटेनं भाताचे भारे वाहिलेत. मला इचारायचं नाय?”

घरच्या माणसाची साक्ष हितसंबंधी मानली जाते, तिला वजन कमी, असे मी तिला समजावले.

“आन् ही पेटी? ती काय परक्याची हाय?”

मी कोरा कागद घेतला आणि तिची साक्ष नोंदवावी असा अर्ज हाताने लिहू लागलो. वाट कुठून जाते ते ती सांगत गेली: विहिरीच्या उजव्या अंगाने, बांधावरच्या करंजाखालून, मग ओहोळ.

“ओहोळात पाय ठेवायला दगड हायत ना, ते मीच टाकलेत. तेबी लिवा.”

मी तेही लिहून घेतले. त्याच दगडांवर उभे राहून मी ती छायाचित्रे काढली होती.